कापसाचा बोळा

सकाळी चालते, दुपारी मरते,
एवढं सांगून तौसिफनं बोर्ड टेबलावर ठेवला,
जुन्या साडीत गुंडाळलेला.
"अब्बाच्या पार्लरचा आहे, रजनीताई.
खोक्याले वाळवी लागली, हा आणि दांडा तेवढा वाचला."

दारव्हा. मे महिना. कूलरच्या टाकीत चहाचं पाणी.
ब्रशनं धूळ झाडली तर सरकीचा एक दाणा निघाला,
वीस वर्षं कुठे दडून बसला होता कोण जाणे.
काचेची खिडकी असलेल्या चार चिपांवर
रऊफभाईंनी वहीची लेबलं चिकटवलेली:
नाव, इयत्ता, विषय.
तिन्ही रकाने कोरे.

मीटर लावला, पाच व्होल्ट, नीट.
चिपा अंगठ्यानं दाबून बसवल्या,
कडेचे पितळी दात खोडरबरानं घासले,
पोराच्या कंपासमधलं, त्याला न विचारता.
जुन्या टीव्हीवर अकरापर्यंत विमानं सरळ उडाली.
साडेअकराला पहिल्याचं शेपूट मागे राहिलं.
बाराला ढगांच्या जागी आकडे,
मग पडदा विझे, उठे, विझे,
झोपेत दचकणाऱ्या माणसासारखा.

म्हणजे उन्हाचा आजार.
शहरात यासाठी गार फवाऱ्याचा डबा मिळतो म्हणे.
माझ्याकडे स्पिरिट होतं
आणि फाटक्या उशीतला कापूस.
बोळा बुडवायचा, एका चिपेवर टेकवायचा,
दहा मोजायचे, पडद्याकडे पाहायचं.
तापात कपाळावर पट्टी ठेवतात तसंच,
फक्त इथे कपाळं चौऱ्याऐंशी.

पहिली ओळ, नाही.
दुसरी, नाही. तिसरीत बोळा संपला, दुसरा केला.
चौथीत, कोपऱ्यातून तिसरी,
टेकवला आणि शेपूट येऊन विमानाला चिकटलं.
उचलला, सुटलं.
टेकवला, चिकटलं.
चारदा करून पाहिलं. गरज एकदाचीच होती.

मी हा खेळ कधी खेळले नाही.
एसटी स्टँडमागे टिनाचं पार्लर, दाराला निळा पडदा,
पोरी आत जात नव्हत्या.
तसं कुठे लिहिलेलं नव्हतं,
लिहायची पाळीच आली नव्हती.
शिकवणीला जाताना मी टिनाला कान लावायची,
कान भाजायचा.
तीन टिपेचे सूर, मग एक घसरता, म्हणजे कोणी तरी मेलं.
पाठोपाठ शिवी आली तर भांडेवाल्याचा सुदाम.
नुसतं "च्यक" आलं तर माझा भाऊ,
जो घरी वाचनालयात असायचा.

तशी चिप यवतमाळात नाही, अमरावतीत नाही.
माळ्यावरच्या पेटीत जिनिंगच्या वजनकाट्याचा मेलेला बोर्ड होता,
त्यावर तीच, तेच आकडे.
त्या काट्याबद्दल गावात बोलणं होतं,
क्विंटलमागे दोन किलो खायचा म्हणत.
जळाल्यावर कोणी हळहळलं नाही.
सोळा पायांचं शिसं एकेक करून वितळवलं,
शोषून घेतलं, चिमट्यानं उपटली.
एक पाय वाकला. नखानं सरळ केला.

भर दीडला चालू केलं.
आधी आवाज आला, मग चित्र.
विमानं अख्खी, ढग ढगांच्या जागी.
तौसिफ म्हणाला, "पहिले तुम्हीच खेळा जी."

मी दांडा धरला.
डावीकडे दाबला तर विमान डावीकडे गेलं,
याचंच इतकं नवल वाटलं की मी पुन्हा डावीकडेच दाबला.
अकराव्या सेकंदाला मेले.
तीन टिपेचे सूर, मग एक घसरता.
आणि मी टिनाच्या आतल्या बाजूला.

तौसिफ पडद्याशी वाकला, बोटं मोडून हिशेब केला.
"चार पाडले ना तुम्ही?
यानं तिनाचेच गुण देल्ले.
ताई, चिप कायची टाकली?"

"काट्याची," मी म्हटलं.
"थांब. पुन्हा खेळून पाहतो."