प्रोव्ह

कुइवास्तूच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा
माझ्या गाडीत तीनशे मीटर केबल होती,
दोन राउटर, एक स्विच, लेबलं छापायचं यंत्र
आणि तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक,
ज्यातला पहिला दिवस
भिंतींनीच खाल्ला.

जनावरांचा हा दवाखाना म्हणजे मुळातला गोठाच,
सारेमा बेटाच्या दगडाचा, हातभर जाड.
भिंतींना कान असतात म्हणे.
या ठार बहिऱ्या.
दारापाशी सिग्नलच्या चार रेघा,
तपासणीच्या टेबलाशी दोन,
आणि एक्स-रेच्या खोलीत, शिसं ठोकलेल्या दारामागे,
शून्य.
डॉक्टर आयवर शांतपणे म्हणाले,
कोपऱ्यात एक भोक आहे बघा,
सामुदायिक शेतीच्या काळात दुधाची नळी त्यातून जायची.
मी सरपटत गेले. कोपरं सोलली.
पलीकडून त्रीनूने केबलचं टोक धरून ओढलं
वासराचा पाय ओढावा तसं,
सवयीने,
थोडं थांबून, पुन्हा थोडं.

दुसऱ्या दिवशी हेल्यू.
सव्वीस वर्षं काउंटरवर, कार्डांचे अकरा खण.
एक कार्ड तिने माझ्यापुढे सरकवलं,
पेन्सिलीने लिहिलेलं: 'लेंबिट. डावीकडून बोलू नये.'
हे कुठे भरायचं?
मी विचारलं, लेंबिट घोडा का?
घोड्याचा मालक, ती म्हणाली. डावा कान गेलाय त्याचा.
मी पडदा वरखाली केला.
वजन होतं, चिप क्रमांक होता, अ‍ॅलर्जी होती.
डावा कान नव्हता.

नियम असा, की शिकताना
खऱ्या जनावरांना हात लावायचा नाही.
खोटं एक तयार करा, म्हटलं.
हेल्यूने दोन बोटांनी टाइप केलं: प्रोव्ह.
त्यांच्या भाषेत चाचणी.
कुत्रा. नर. मिश्र जातीचा.
मालकाच्या रकान्यात लाल फुली होती, रिकामा सोडता येईना,
तिने स्वतःचं नाव घातलं.

मग प्रोव्हवर सगळ्यांनी हात साफ केला.
त्रीनूचा दशांश चुकला,
तो मिनिटभर एकशे बेचाळीस किलोचा झाला.
आयवरनी त्याचा पुढचा पाय मोडला, फोटो काढला, प्लास्टर घातलं.
नेट अडकलं म्हणून बटण दोनदा दाबलं गेलं
आणि बिचाऱ्याची नसबंदी दोनदा झाली,
बिलही दोनदा.
आयवर इतके हसले की
आतल्या खोलीतलं खरं कुत्रं भुंकू लागलं.
रेबीजची लस, जंताची गोळी,
टाके काढले, उधारी मांडली, सवलत दिली.
संध्याकाळपर्यंत त्याची फाइल
गावातल्या कुठल्याही कुत्र्याहून लांब झाली होती.

तिसऱ्या दिवशी, चार वाजता,
उद्या खरं काम सुरू म्हणून
मी म्हटलं, आता प्रोव्हला काढून टाका.
यंत्र कारण विचारत होतं:
हरवला, दुसरीकडे गेला, मेला.
हेल्यूने माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.
त्रीनूला एकदम मांजराचे पिंजरे धुवायचे आठवले.
डॉक्टर खिडकीबाहेर
जुनिपरच्या झुडपांकडे बघत राहिले,
जणू तिकडून कुणी येणार होतं.
मी शिकवणारी.
माझ्याच पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर लिहिलं होतं.
मी बोट गाठायची आहे म्हणाले
आणि बॅग भरली.

ऑक्टोबरात हेल्यूचा फोन:
लेबलांचं यंत्र मुकं झालंय.
तार्तूच्या ऑफिसातून मी त्यांच्या पडद्यावर शिरले,
पत्ता बदलला होता यंत्राचा, नेहमीचंच.
तो दुरुस्त करताना बाजूला दिनदर्शिका दिसली.
गुरुवार, सव्वाचार: प्रोव्ह, लसीचा पुढचा डोस.
हे काय?
मला मेसेज आला ना, हेल्यू म्हणाली, मालक म्हणून.
मग वेळ दिली.
त्या पंधरा मिनिटांत कुणाला घेत नाही,
आम्ही कॉफी पितो.

यंत्र घरघरलं, लेबल बाहेर आलं असावं.
फोन ठेवता ठेवता मी त्याची फाइल उघडली.
वजन चौदा पूर्णांक दोन.
खाली अ‍ॅलर्जीच्या रकान्यात, दोन बोटांनी टाइप केलेलं:
हल्ली जरा कमी खातो.