निशाणी होडी

दोन्ही मजकूर मी एकाच फर्म्यात जुळवले होते,
वरच्या अंगाला शांतिहोमाचं निमंत्रण,
खालच्या अंगाला मतांची विनंती.
खोतच म्हणाले, मुकादम, मधून कातरून घे,
कागद वाचेल.

बासष्ट साल. वेंगुर्ल्यात मी जुळारी, सव्वा रुपया रोज.
पौषातली अवस जवळ आलेली,
मकरेत आठ ग्रह गोळा व्हायचे होते,
आणि तिरकोलच्या किल्ल्यावरचं निशाण बदलून
दोन महिनेही झाले नव्हते.
ज्यांनी विमानं ऐकली होती
त्यांना आता काहीही पटत होतं.
आमच्या मोहल्ल्यातही खुणा मोजणं चाललं होतं.
आई म्हणाली, कयामतीची तारीख पंचांगात नसते,
तू जा कामाला.

प्रूफ खोतांनी उभ्यानेच वाचलं.
'प्रलय'मधला प्र झिजलाय, म्हणाले,
ठसठशीत दिसला पाहिजे.
आमच्याकडे चांगला प्र एकच होता.
तो मी खालच्या 'प्रचारसभे'तून उपसला
आणि वर नेला.

निवतीच्या सभेत बायकांनी धक्का मागितला.
होड्या ओढून ओढून घरच्यांच्या कमरा गेल्या, म्हणाल्या.
खोत म्हणाले, धक्का कोणासाठी?
पाच तारखेला समुद्रच दारात येणार.
डोक्यावरची टोपली न उतरवता
मागून सत्यभामा गिरप बोलली,
"जग बुडतला, तर मतां घेवन करतलास काय?"
सगळे हसले. खोतही हसले.
हात मात्र खिशातल्या पंचांगावरून हलला नाही.

त्यांना लबाड म्हणायला मला आवडलं असतं.
लबाड माणसाचा हिशेब लागतो.
पण यांनी कलमांना खत घालणं थांबवलं होतं.
मुलीचं फाल्गुनातलं लग्न मोडलं नाही,
पत्रिकेवर नुसती तारीख घालू दिली नाही.
तेवढी जागा मी कोरी सोडली होती.

चार तारखेच्या रात्री होमात तुपाचे अठरा डबे गेले.
नरहरभट पित्रे मंत्रात अडखळले की
धुरातून खोत पुढचा शब्द देत.
बंदरावर माणसं कंदील घेऊन बसलेली,
कुणाच्या मांडीवर तुळशीची कुंडी, कुणाच्या शेळी.
एका मास्तरांनी शाळेचा हजेरीपट आणला होता.
पाणी चढलं.
अवसेला चढतं तेवढंच.
"उधाण आसा," सत्यभामा म्हणाली
आणि निजायला गेली.

मग दीपगृहाचा दिवा विझला, उजाडलं.
अनोळखी माणसंही एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती.
तेव्हा मी खोतांचा चेहरा पाहिला.
सुटलेल्या माणसाचा नव्हता तो.
पानं मांडून ठेवली आणि पाहुणा आलाच नाही,
अशा यजमानाचा होता.

खोती गेली त्या वर्षी
मोजणीदार साखळी घेऊन त्यांच्या खळ्यातून गेला होता.
दारावरून जाताना वहाणा काढणारे
वहाणांसकट जाऊ लागले होते.
त्यांचं जग तेव्हाच बुडालेलं, कुठेही पाणी न दिसता.
आता सगळ्यांचं बुडावं,
एवढीच समानता त्यांना हवी होती,
असं वाटलं मला. बोललो नाही.
छपाईचं बिल थकलेलं होतं.

सात तारखेला नवा मजकूर आला.
'होमाने संकट टळले.
ज्याने जग वाचवले, त्यालाच मत. निशाणी होडी.'
सोबत चिठ्ठीवर लग्नाची तारीख.
अक्षर मात्र कुणा दुसऱ्याचं होतं.
प्र मी पुन्हा खाली आणला.

ते निवडून आले. धक्का झाला नाही.

छापखाना मोडीत निघाला त्या दिवशी
मालकांना न विचारता तो खिळा मी घेतला.
अजून, कुठल्याही देशाचा कुणी मोठा माणूस
आभाळाकडे बोट करून
शेवट जवळ आल्याचं सांगू लागला,
आणि सांगताना त्याचा आवाज जरा उजळला,
की मी टीव्ही बंद न करता खिशात चाचपतो.
शिसं आहे. खिळ्यावर प्र उलटा दिसतो.
अंगठ्यावर दाबला की सुलटा उमटतो,
थोडा वेळ राहतो.