शेवटचा दीड मीटर

कुरियरवाला आर्वीच्या पुढे येत नाही,
म्हणून मीच गेलो
आणि एसटीत मांडीवर घेऊन आलो ती:
पॉवर कॉर्ड. काळी, विणलेल्या कातीची,
धामणीएवढी जाड.

जिनिंगच्या काट्यावर एकवीस सीझन बसलो आहे मी.
वजन केल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही.
ॲम्प्लिफायरची जुनी कॉर्ड: एकशे ऐंशी ग्रॅम.
ही: एक किलो चारशे.
"हिनं गोऱ्हा बांधता येईल," शशिकला म्हणाली.
"केवढ्याची?"
मी अकराशे म्हणालो.
एक शून्य खिशातच राहू दिलं.

वीज निघते कोराडीहून, नाहीतर चंद्रपूरहून.
देवमनलाही नक्की सांगता येत नाही,
आणि तो तेहतीस वर्षं लाइनमन होता.
मनोऱ्यांवरून येते, सबस्टेशनात उतरते,
मग सागाच्या रानातून ॲल्युमिनियमच्या तारेवर
झोळ खात, वानरांच्या उड्या सोसत,
डीपीत फ्यूजच्या जागी कुणी पिळून ठेवलेल्या
दुपदरी तारेतून
माझ्या भिंतीपर्यंत.
आणि मी बदलला होता
शेवटचा दीड मीटर.

देवमन हसला नाही.
"काहून हासू बावा?
आपल्या हातात तेवढाच तुकडा हाय."

शशिकलेला खुर्चीत बसवलं, डोळे मिटून.
मांडीवर चिंचा. त्या फोडणं तिनं थांबवलं नाही.
सरोदची तबकडी लावली.
एकदा जुनी कॉर्ड, एकदा नवी,
एकदा नवी काढून पुन्हा नवीच.
"आता?"
"सारखंच."
"आता?"
"सारखंच. थांबा...
आता बरं वाटलं. मोकळं."
मी वाकून पाहिलं.
लावलेली होती जुनी.
स्वयंपाकघरातला फ्रीज नुकताच बंद पडला होता.

दहाला थ्री फेज आली.
संत्र्याच्या बागांतल्या मोटारींनी एकदम पाणी धरलं,
स्टॅबिलायझर कटकटला, एकशे बहात्तर,
आणि सरोदच्या खाली तोच जुना भुंगा
घूं करत बसला.
नव्या कॉर्डीत तो जास्त स्वच्छ ऐकू येत होता.
अकरा हजारांत एवढं तरी.

भुंगा देवमनच्या ओळखीचा निघाला.
बॅटरी घेऊन तो मोरीच्या मागे गेला,
अर्थिंगच्या खड्ड्याशी उकिडवा बसला.
मे महिना. काळी माती वीतभर फाटलेली,
पट्टी खाली कशालाच टेकलेली नाही.
"कोळसा टाकला होता काय कधी?"
"घर बांधलं तेव्हा."
"मंग? थो तहानला ना जी."

तो म्हणजे कोण, मी विचारलं नाही.
जाडं मीठ दोन ओंजळी,
इस्त्रीवाल्या सुदामला उठवून आणलेला कोळसा,
पाण्याच्या तीन बादल्या.
मातीनं घटघट आवाज करत पाणी प्यालं.
त्या रात्रीचं पहिलं ऐकणं ते.

मग आत येऊन सुई ठेवली.
भुंगा नव्हता.
सूर लागण्याआधी वादकानं घेतलेला श्वास होता,
आणि त्याच्याही मागे, लांब,
कुणाच्या तरी हातातल्या बांगड्या,
कुठल्या शहरातल्या, कुठल्या सालच्या.
चिंचोके ताटलीत पडायचे थांबले.
देवमन उंबऱ्यावरच उभा राहिला,
पायांना चिखल होता म्हणून.

नवी कॉर्ड काढायला आता हात होत नाही.
तिच्यामुळे काही झालं असं म्हणत नाही मी.
काहीच झालं नाही, असंही म्हणवत नाही.
काट्यावर ट्रक चढला की आकडे थोडा वेळ नाचतात,
मग थांबतात, पावती फाटते.
इथं आकडे नाचतातच आहेत.

दर गुरुवारी मागे बादलीभर पाणी घालतो.
शेजारचा मोतीराम कुंपणावरून विचारतो,
"काय लावलं जी तिथं?"
"काही नाही," म्हणतो.
शून्य अजून खिशातच आहे.
धुवायला टाकण्याआधी
शशिकला खिसे तपासते.