रिकाम्या घरांची यादी

कुलाब्याच्या त्या बराकीत
गारवा मशीनसाठी होता, आमच्यासाठी नव्हे.
मे महिन्यात मी शाल पांघरून बसायचे
आणि पलीकडे पंचिंगच्या खोलीत फिलोमिना घामाघूम.

विजयकरांना तर्क करणारा प्रोग्राम हवा होता.
आकडेमोड पुष्कळ झाली, म्हणाले, आता नाती चालवा.
आईची बहीण मावशी, वडिलांची बहीण आत्या,
एवढं त्याचं त्याला काढता आलं पाहिजे.
परदेशी अहवालात दोघींना एकच शब्द होता.

पण त्याआधी भाषा. ती कुठे होती?
यादी किती लांब होणार ते आधी सांगा, मशीन म्हणे.
विचार किती लांबेल
हे आधी कुणाला ठाऊक असतं?

तोड सुचली ती ठाकूरद्वारला, जिन्यात
(कुलूप लावलेल्या दारावर चिठ्ठी होती:
बिऱ्हाड हलवले आहे. चौकशी खोली नं. ११).
प्रत्येक घराचे दोन भाग करायचे,
एकात चिन्ह, दुसऱ्यात पुढच्या घराचा पत्ता.
अकरा सांगेल चाळीस, चाळीस सांगेल सात,
शेजारी शेजारी राहायची सक्ती कुणाला नाही.

शेवट कसा ओळखायचा, यात आठवडा गेला.
शून्य नको, शून्य आकडा आहे.
मी रोमन अक्षरांत भोकं पाडून घेतली: इति.
पोथीच्या शेवटी असतं तसं.
विजयकर हसले, पण राहू दिलं.

कंस इतके वाढले की फिलोमिना म्हणाली,
बाई, तुमचं एक वाक्य मिटेस्तोवर
माझी आर. सी. चर्चची बस जाते.

चाचणीसाठी घरातलीच माणसं घातली होती.
ऑगस्टात आत्या गेली.
तेरावं करून कामावर आले,
तिचं चिन्ह खोडायची आज्ञा दिली
आणि तिचं घर रिकाम्यांच्या यादीत यायची वाट पाहिली.
आलं नाही.

नियम माझाच होता:
एक जरी यादी एखाद्या घराकडे बोट दाखवत असेल
तर ते घर मोकळं करायचं नाही.
छापून घेतलं, पेन्सिलीने शोधत बसले.
बाबांच्या यादीत, बहीण.
आईच्या यादीत, नणंद
(दोघींचं बोलणं नव्हतं सात वर्षं).
आणि माझ्या.

विजयकर खांद्यावरून वाकून म्हणाले,
सापडली ना चूक, मग काढून टाका.
चूक नाहीये, म्हटलं.

चार हजार घरं होती त्या मशीनला.
एक अडलं तर अडलं.