सुंबुलचं पाणी

आमिदच्या तटाचा दगड काळा,
उन्हाळ्यात रात्रभर निवत नाही.
त्याला पाठ लावून आमची भट्टी.
चार महिने मी एकच झडप घासली.
तेल आणि कुरुंदाची पूड,
गोल, गोल, उलट गोल,
शंकू खोबणीत असा बसावा
की फुंकर मारली तरी पलीकडे जाऊ नये.
उस्ताद बदरान ओठ लावून बघायचे.
"गळते," म्हणायचे. एवढंच.

अमीराला वजूसाठी तांब्याचा पोरगा हवा होता.
का, हे महालात कुणी बोलत नसे,
बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं:
सुंबुलचे हात कापायला लागले होते.
चाळीस वर्षं झारी त्याच्याच हातात,
आणि मागच्या रमजानात धार पडली
ती अमीराच्या रेशमी बाहीवर.

पोरगा उभा राहिला.
उजव्या हातात झारी, डाव्यात आरसा आणि पंचा.
झारीवरचा पक्षी आधी शीळ घालतो
(हवा कोंडली की शीळ, जादू नव्हे),
मग धार, सुतासारखी, न थरथरता.
खाली मोर मान वाकवून सांडपाणी पिऊन टाकतो.
मोसुलच्या वकिलाने हात धुतले,
मग धुतलेले हात पुन्हा धुतले.
उस्तादांना झगा मिळाला.

टाकी कोण भरणार,
हे आमच्या एकाही आराखड्यात नव्हतं.

भिंतीमागे दीड हाताची बोळ.
तिच्यात सुंबुल, खांद्यावर पखाल,
अंधारात कानानेच भरायचा:
टाकी भरत आली की तिचा आवाज चढतो,
घागरीचा चढतो तसा.
पलीकडे पाहुणे वाहवा करायचे,
अलीकडे तो श्वास आवरून.

एकदा मी साखळी बसवायला आत शिरलो.
कलिंगडाची फोड पुढे करत म्हणाला,
"पोरगा गुणी आहे तुमचा. हात कापत नाही त्याचा.
फक्त विचारत नाही."
"काय विचारायचं?"
"पाणी सोसेल ना, हे."

त्या थंडीत दजलेच्या काठाला बर्फ धरला.
अमीराने बोटं धारेखाली नेली
आणि तशीच ठेवली, कितीतरी वेळ.
कोमट होतं.
उस्तादांना बोलावणं गेलं:
तांब्याला ऋतू कळतो, हे कसं साधलंत?
उस्ताद काही बोलले नाहीत.
लोखंडाचं, शिशाचं पाणी ते जोखायचे,
माणसाचं त्यांना कधी जमलं नव्हतं.
दुसरा झगा घेऊन आले,
आणि रात्री समईसारख्या बारीक दिव्याखाली
आराखड्यातल्या भिंतीला
लाल शाईने एक छोटं दार काढलं.
बाकी प्रत्येक भागाला अक्षर होतं,
दाराला दिलं नाही.

पुढच्या हिवाळ्याआधीच सुंबुलची घटका भरली.
पखाल एका तरण्या पोराकडे गेली,
जोरकस पोर, एका खेपेत टाकी भरणारा.

पहिल्या हिमाला महालातून निरोप:
यंत्र बिघडलं आहे.

तीन दिवस मी पोरगा उकलून बसलो होतो.
तरंगता गोळा ठीक. साखळी ठीक.
पक्ष्याचा गळा साफ.
मोराच्या पोटातून एक खजुराची बी निघाली,
तिचा काही संबंध नव्हता.
शेवटी झडप काढली,
ओठ लावून फुंकलं.

गळत नव्हती.
ओठ मात्र गारठले,
आणि दाराशी उस्ताद उभे होते,
नेहमीचा शब्द न उच्चारता.