खिडकीची उंची

दिवागावात जाळी ठेवायची एक खोली होती,
हिराजीकाकांची. तिन्ही मुलगे तीन टॉवरांच्या गेटवर,
जाळं टाकणारं घरात कुणी उरलं नव्हतं.
आम्ही सतरा घरं मिळून ती मागायला गेलो
तेव्हा काकांनी भाड्याचं काढलंच नाही. एवढंच विचारलं,
"पोरांना मारनार तं नाय ना?"

मग रविवारमागून रविवार.
सेक्टर आठातले, गावातले, चिंचपाड्याच्या चाळीतले.
नाझनीनच्या अब्बांनी दार तासून दिलं.
जन्मभर माथाडीत ओझी उचललेले अंकुशराव
गोणी उचलायला सगळ्यांच्या आधी,
पण माल कालवताना प्रत्येकाला विचारत, "एवढं पाणी बास?"
मला फक्त हिशेब येतो. मी घमेली मोजली.

अडलं ते खिडकीवर.
गवंडी म्हणाला, साडेतीन फूट, सगळीकडे तेवढीच असते.
वासंतीताई, ज्या मुलांसोबत असणार होत्या,
काही बोलल्या नाहीत.
सिमेंटच्या गोण्यांमध्ये गुडघ्यांवर बसल्या
आणि कोऱ्या भिंतीकडे बघत राहिल्या.
मग आम्हीही बसलो, एकेक करून,
साड्या, जीन्स, अंकुशरावांचा पांढरा लेंगा.
तिथून खोली वेगळीच होती. मोठी,
आणि छप्पर फार लांब.
गवंडी एकटाच उभा,
त्याच्या गुडघ्यांशी बोलावं लागलं आम्हाला.

शेवटी माझ्या रेणूला भिंतीशी उभं करून
त्यानं तिच्या डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलीची खूण केली.
"त्याच्या नऊ इंच खाली," वासंतीताई म्हणाल्या,
"कोपरं टेकायला जागा नको?"

तर अशी ती खिडकी. तिच्यातून चिखल दिसतो,
तिवरं, आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे,
ज्यांच्यासाठी रोज वीस मिनिटं
ठरलेलं सगळं बाजूला राहतं.

सुकटीचा वास रंगाच्या दोन हातांनीही गेला नाही.
मेहतांच्या सुनेनं नाक धरलं, चार दिवस आली नाही,
पाचव्या दिवशी मुलगी ऐकेना म्हणून आली.
नाक अजून धरते. येते.

परेशचे बाबा मात्र गेले.
"चार महिने कणीक तिंबतात, पाणी ओततात,
भांडतात, मिटवतात, झोपतात.
हे आमच्या घरी फुकट होतं."
दिवाळीनंतर परेश पिवळ्या बसमधून जाताना दिसला.
परत केलेली फी माझ्या वहीत लाल शाईत आहे.
खरं सांगते, त्या रात्री मला त्यांचंच पटलं होतं.
कुणाला न सांगता मी पाटीवर ट काढला,
रेणूपुढे धरला, हे काय?
तिनं मान तिरकी करून नीट पाहिलं.
"गळ आहे. रिकामा."

मी पाटी पुसली नाही.
पुसावीशी वाटेना आणि कुणाला दाखवायलाही धजेना.

आमच्या बैठका तिथंच व्हायच्या, इवल्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीला लागलेले.
तसं बसून फार वेळ चिडता येत नाही, पाठ दुखते.
तरी चिडलो. फीवरून, नळावरून,
आज डबा उकळायची पाळी कुणाची यावरून.
कोपऱ्यात हिराजीकाका कुणी न मागितलेलं जाळं विणत,
अर्धा डझन पोरं सुताची गाठ बघत त्यांच्या मांडीला चिकटलेली.
काका आमच्या भांडणात कधी पडले नाहीत.
एकदाच म्हणाले, "हलू बोला, तो झोपलाय."

रेणू आता नऊ वर्षांची.
शनिवारी मी हिशेबाला जाते, ती सोबत येते.
काल खिडकीतून बघायला तिला वाकावं लागलं.
"एवढी खाली कुणी केली गं ही?"
रंगाखाली पेन्सिल अजून आहे, शोधली तर.
मी दाखवली. तिच्या बरगडीपाशी आली.
तिनं खुणेवर बोट ठेवलं,
मग हळूच गुडघ्यांवर बसली.

"अच्छा," म्हणाली,
आणि बराच वेळ उठली नाही.
बाहेर ओहोटी होती. माझी बेरीज दोनदा चुकली.