डार्लीनबाई, आधी ते स्विच

प्लग खोचून भागत नाही इथे,
शेजारचं बटण खाली दाबा,
नाहीतर सकाळी फोन मेलेला आणि बोल माझ्या गेस्टहाउसला.
न्हाणीघरातला दिवा दोरीवर आहे.
पांढऱ्या.
लाल ओढू नका. काल वेंडेलरावांनी ओढली
आणि मी पिठाच्या हातांनी तीन जिने धावले.

नळ दोन. एक पोळतो, एक गोठवतो.
मधलं हवं तर ओंजळीत आपलं आपण करायचं.
मीही तशीच शिकले, वेंगुर्ल्याहून व्हिटबीत आले तेव्हा.

रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघा.
बर्फ मागाल तर दोन खडे येतील; हसा, भांडू नका.
‘नॉट बॅड’ म्हणालं कुणी तर समजा, खूश आहे.

मासा बंदरावर घ्या, पण भिंतीला पाठ लावून खा.
सीगल मागून येतो.
आमच्याकडचा कावळा निदान आधी ओरडायचा.
व्हिनेगर सढळ हातानं. मग बोटं चाटा,
बघणारेही तेच करत असतात.

टेकडीवर जाताना पायऱ्या मोजू नका.
वेंडेलरावांच्या गुडघ्याचं निमित्त करा आणि बाकावर टेका.
बाकांवर गेलेल्यांची नावं असतात.
एकावर लिहिलंय:
‘एडिथ. हिला हा वारा मुळीच आवडत नसे.’
मी रविवारी तिच्याशेजारी बसते.

पॅरिसला किती दिवस द्यावेत, विचारलंत.
मी कुठे गेलेय हो.

टोस्ट घ्या. गारच असतो इथे,
जाळीत उभा करून मुद्दाम गार करतात.
का, ते बावीस वर्षांत
मलाही कुणी सांगितलेलं नाही.